घटस्फोटानंतर मुलाच्या भेटीच्या अटी समोरचा पाळत नसेल तर नागपुरात नेमकं काय करायचं?

त्रिमूर्तीनगर यांचा प्रश्न

नमस्कार. परस्पर संमतीने घटस्फोट झाला आहे, नागपूर कौटुंबिक न्यायालय, हुकूमनामा तीन वर्षांपूर्वीचा. मुलगा नऊ वर्षांचा, ताबा माझ्याकडे. संमती अटींमधल्या कामाच्या ओळी जशाच्या तशा देते:

अट ४ – वडील दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहा वाजता मुलाला घेऊन जातील व रविवारी सायंकाळी आणून सोडतील.
अट ५ – दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्ट्या शक्यतो निम्म्या-निम्म्या.
अट ६ – मुलाच्या खर्चासाठी दरमहा ९,००० रुपये पाच तारखेच्या आत आईच्या खात्यात.
अट ७ – शाळेचा खर्च दोघांनी समान.

प्रत्यक्षात मुलगा रविवारी परत येतच नाही. कधी सोमवारी सकाळी थेट शाळेत, कधी सोमवारी रात्री. मधूनच एखाद्या शनिवारी ते येत नाहीत आणि कळवतही नाहीत. पोरगं बॅग भरून बसलेलं असतं. मागच्या दिवाळीची सुट्टी सगळी त्यांच्याकडे गेली. दोन महिन्यांचे पैसे थकले आहेत, यंदाच्या फीमधले त्यांच्या वाट्याचे ३१,००० आले नाहीत. आता म्हणतात की उन्हाळ्यात दोन महिने त्याला पुण्याला आत्याकडे नेणार. ते बुटीबोरीला खासगी कंपनीत नोकरीला आहेत.

पोलिसांत जावं का? पैसे येईपर्यंत भेट थांबवली तर चालेल का? पुन्हा वकील लावणं आलंच का? गोडीत सांगून झालं आहे, त्यामुळे ‘बसून बोला’ हा सल्ला कृपया नको.

---

दरखास्तवाला

ताई, आधी हुकूमनाम्याचं शेवटचं पान काढा. तिथे ‘संमती अटी, निशाणी अमुक (म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक), या हुकूमनाम्याचा भाग राहतील’ अशा अर्थाची ओळ आहे का बघा. पुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं आहे. ती असेल तर अटी म्हणजे कोर्टाचा हुकूम. नसेल तर तो दोघांमधला करार. तो पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर असला तरी त्यावर दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालवणं अवघड जातं.

ओळ आहे असं धरून सांगतो.

नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र, हुकूमनामा आणि संमती अटी या तिन्हींच्या प्रमाणित नकला घ्या. लोक पहिल्या दोन घेतात आणि तिसरी विसरतात, मग पहिली तारीख त्यातच जाते. केस नंबर हाताशी नसेल तर ई-कोर्ट्स अ‍ॅपवर नावाने शोधा आणि सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून ठेवा.

मग दरखास्त. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४, कलम १८ प्रमाणे या कोर्टाच्या हुकुमाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखीच होते, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ खाली. तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या दरखास्ती करा, एक पैशाची आणि एक वागण्याची. एकत्र केल्या की समोरचा पैसे अर्धे भरून पुरशिस (कोर्टाला लेखी निवेदन) देतो, सगळे हिशेबात गुंततात आणि भेटीचा मुद्दा मागे पडतो.

पैशाची दरखास्त सोपी आहे. थकबाकीचा तक्ता लावा: महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख, बाकी. सोबत बँकेचं विवरणपत्र. मागणी पगार जप्तीची करा. खासगी नोकरी असल्याने आदेश २१ नियम ४८-अ लागतो (नियम ४८ सरकारी, रेल्वे वगैरेंसाठी). कंपनीचं पूर्ण नाव आणि पगार देणाऱ्या कार्यालयाचा पत्ता बिनचूक लागतो. ‘बुटीबोरी एमआयडीसी’ एवढ्यावर हुकूम बजावला जात नाही. साध्या कर्जवसुलीत पगाराचा थोडाच भाग जप्त होतो, पण निर्वाहाच्या हुकूमनाम्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो. जप्तीसाठी धरायचा पगार ४५,००० असेल तर १५,००० ला हात लावता येत नाही, बाकीच्यातून तुमची रक्कम वळती होऊ शकते. हे कळल्यावर बरेच जण पहिल्या तारखेलाच पैसे भरतात, कारण कंपनीच्या एचआरकडे कागद जाणं कोणालाच नको असतं.

वागण्याच्या दरखास्तीला आदेश २१ नियम ३२. त्यात ‘पाळायची संधी होती आणि जाणूनबुजून पाळलं नाही’ हे दाखवावं लागतं. त्यानंतर मालमत्ता जप्ती किंवा दिवाणी कैद मागता येते. कैद क्वचितच होते, पण मागणीत लिहायची असते. न लिहिलेलं कोर्ट स्वतःहून देत नाही.

आता दुखरी जागा. अट ४ मध्ये ‘रविवारी सायंकाळी’ आहे, वेळ नाही. दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जात नाही, म्हणजे त्यात नसलेलं घालत नाही आणि असलेलं बदलत नाही. सोमवारी आणलं हा भंग सरळ आहे. रविवारी रात्री साडेआठला आणलं तर तो म्हणेल सायंकाळच आहे. अट ५ मधला ‘शक्यतो’ तर दरखास्तीत टिकणार नाही. दिवाळीचा मुद्दा त्यात घालूच नका. अट ७ मध्ये ‘शाळेचा खर्च’ म्हणजे फक्त फी, की बस, गणवेश, शिकवणीसुद्धा, यावर वाद होणार. फीच्या पावत्या लावा, बाकीचं सध्या सोडा.

म्हणून तिसरा कागद लागतो, हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २६ खाली अटी बदलून मागण्याचा अर्ज. हुकूमनाम्यानंतरही मुलांबाबतचे आदेश बदलता येतात, संमतीने झालेले असले तरी. सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब (१९७३) आणि विक्रम वीर व्होरा (२०१०) या निकालांत हेच सांगितलं आहे: ताब्याचे आदेश मुलाच्या हितासाठी बदलता येतात. माझ्या मते तुमचं खरं काम या अर्जाने होईल. दरखास्तीने मागचं वसूल होतं, पण पुढचे सगळे शनिवार-रविवार या अर्जावर अवलंबून आहेत.

मुदत: दरखास्तीला बारा वर्षं. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली असल्यामुळे आदेश २१ नियम २२ प्रमाणे आधी समोरच्याला नोटीस निघेल, थेट जप्ती नाही. नोटिशीला घरचा आणि कंपनीचा, दोन्ही पत्ते द्या. ‘घर बंद’ शेरा मारून बेलिफ (नोटीस बजावणारा कोर्टाचा माणूस) परतला की दोन महिने गेले समजा.

---

निशाणी_एक

वर कायद्याचं नीट आलं आहे. मी फक्त पुराव्याचं लिहितो, कारण बहुतेक अर्ज तिथे लंगडे पडतात. ‘ते नेहमीच उशीर करतात’ या वाक्याची कोर्टात किंमत शून्य.

दोनशे पानी वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, अट क्रमांक, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुरावा. नोंद त्याच दिवशी. विशेषणं नकोत. ‘चौथा रविवार. अट ४. सायंकाळी परत अपेक्षित. ७.१० ला संदेश, उत्तर नाही. सोमवारी सकाळी ७.४० ला थेट शाळेत. कालचेच कपडे, वर्गशिक्षिकेची डायरीत नोंद.’ बस. आणि चांगल्या नोंदीसुद्धा लिहा, वेळेवर आणलं तर तेही. नुसत्या तक्रारींची वही उलटतपासणीत फाटते.

संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर, पण पत्रासारखा. एक आठवण, एक नोंद. दहा मिस्ड कॉल आणि पाच व्हॉइस नोट नकोत. त्या उद्या तुमच्याच विरुद्ध लागतील. नमुना:

‘आज चौथा शनिवार. सकाळी १० ते १०.४५ मूल तयार होतं. आपण आला नाहीत व कळवलं नाहीत. पुढची भेट ठरल्याप्रमाणे दुसऱ्या शनिवारी. यायचं नसल्यास आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत कळवावं.’

‘तुम्हाला पोराची काही पडलेली आहे का’ असं एक वाक्य त्यात घुसलं की आधीचे वीस संदेश वाया.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. पूर्वीचं ६५-ब म्हणतात ते. नव्यात दोन भाग आहेत, एक देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी डिजिटल खूण) लिहावी लागते. कौटुंबिक न्यायालयाला त्याच्या १९८४ च्या कायद्यातल्या कलम १४ मुळे पुराव्याच्या नियमांत सवलत आहे, म्हणून काही जण नुसते स्क्रीनशॉट लावतात. चालूनही जातं. पण समोरच्याने ‘हे मी लिहिलंच नाही’ म्हटलं की अडतं, तेव्हा प्रमाणपत्र तयारच ठेवा. संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, मधले संदेश पुसू नका, आणि खटला संपेपर्यंत तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. हे शेवटचं ऐकायला किरकोळ वाटतं, पण नवा फोन घेताना बॅकअप गेला की तीन वर्षांचे संदेश गेले.

सोमवारी थेट शाळेत सोडल्याची नोंद शाळेकडूनच मिळू शकते. उशिरा आल्याचा शेरा, डायरी, गृहपाठ अपूर्ण असल्याची नोंद. मुख्याध्यापकांना भांडणात ओढू नका. पालक म्हणून उपस्थितीचा उतारा मागा, तेवढं पुरे.

मुलाचा व्हिडिओ काढून ‘सांग, बाबांनी काय केलं’ असं विचारणं पूर्ण बंद. न्यायाधीश गरज वाटल्यास मुलाशी चेंबरमध्ये एकटे बोलतात. पढवलेलं मूल त्यांना दोन मिनिटांत कळतं.

---

त्रिमूर्तीनगर

दोघांचे आभार. हुकूमनाम्यात ती ओळ आहे, निशाणी क्रमांकासह. वही आजपासून.

दोन शंका. ओळखीच्या एकांनी सांगितलं की उशिरा आणलं की अपहरणाची तक्रार ठोका, सरळ होतील. दुसऱ्या म्हणाल्या, अवमान याचिका टाक. आणि भेट थांबवण्याबद्दल कुणी बोललं नाही. पुढचा शनिवार दुसरा आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा

काहून उगाच पोलिसांच्या मागं लागता ताई. ठाण्यात सांगतील ‘कौटुंबिक मामला हाय, कोर्टात जा’, फार तर अदखलपात्र नोंद करून कागद हातात देतील. बाप म्हणजे नैसर्गिक पालक. आपल्याच नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान पोराला घेऊन गेलेल्या बापावरचा अपहरणाचा गुन्हा रद्द केला होता. कोर्टाचा मनाई हुकूम नसताना बापानं पोराला नेलं तर ते अपहरण होत नाही, असं म्हणून. तुमच्याकडे ताब्याचा हुकूम आहे, म्हणून तुमचा मामला थोडा वेगळा हाय. पण रविवारऐवजी सोमवारी आणलं याला गुन्ह्याचा रंग दिला तर कोर्टात तुमचीच बाजू हलकी होते. पोराला धोका असेल, दारू पिऊन गाडीवर नेत असेल, मारहाण असेल, तर मात्र ११२ ला थांबू नका.

भेट थांबवणं: अजिबात नाही. पैसा एका रुळावर, भेट दुसऱ्या रुळावर. तो पैसे देत नाही म्हणून तुम्ही पोरगं दिलं नाही, की दुसऱ्या दिवशी तोच अट ४ ची दरखास्त तुमच्यावर लावते, आणि त्याच्या हातात स्पष्ट तारीख-वेळ असते, सकाळी दहा. तुमच्या हातात ‘सायंकाळी’. मंग सांगा, कोण हरते? पुढच्या शनिवारी दहा वाजता पोरगं तयार ठेवा.

उलटंही तेवढंच खरं. इथं वाचणाऱ्या बापांनो, भेट मिळत नाही म्हणून खर्च थांबवू नका. पैसे भरत राहा, पावती ठेवा आणि भरपाईची भेट मागा. बुडालेल्या शनिवारच्या बदल्यात पुढचा शनिवार, असं अर्जात तारखेनिशी लिहा.

---

दरखास्तवाला

अवमानाबद्दल. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकुमाच्या दिवाणी अवमानासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं, म्हणजे सिव्हिल लाइन्सला नागपूर खंडपीठात. न्यायालय अवमान कायदा १९७१ प्रमाणे शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मुदत भंगापासून एक वर्ष. पण ‘जाणूनबुजून’ सिद्ध करणं जड आहे, आणि तिथे पहिला प्रश्न येतो की दरखास्तीचा मार्ग का घेतला नाही. त्यांनी कोर्टाला स्वतंत्र हमीपत्र दिलं असेल, म्हणजे ज्याला अंडरटेकिंग म्हणतात ते, तर मुद्दा वजनदार होतो. तुमच्या कागदांत तसं दिसत नाही. आत्ता त्यात पैसे घालू नका.

अजून एक गल्लत. थकलेल्या खोरपोशीसाठी (पोटगीसाठी) वॉरंट काढता येतं असं कुणीतरी सांगेल. ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ च्या, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ च्या आदेशाला लागतं. तुमची रक्कम घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातली आहे, तिला दरखास्तच.

वकिलाचं: कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे या कोर्टात वकील हा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीने येतो. स्वतः उभं राहता येतं आणि पैशाची दरखास्त तुम्ही स्वतः चालवू शकाल. कलम २६ चा अर्ज मात्र जाणत्या माणसाकडून लिहून घ्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा. अनेक नोकरदार बायकांना वाटतं की आपण पगारदार, आपल्याला कसं मिळणार. मिळतं.

---

शाळेची_घंटा

सुट्टीच्या अटीबद्दल लिहिते, कारण ‘निम्मी सुट्टी’ हे कागदावर सगळ्यांत गोड दिसतं आणि सगळ्यांत जास्त फाटतं.

विदर्भात राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्यात जूनच्या मध्याला. सीबीएसईचं वेळापत्रक आणखी वेगळं, तिथे एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू करून मग सुट्टी. अटीत ‘एप्रिल-मे’ लिहिलेलं असेल तर जून कुणाचा? म्हणून महिन्यांची नावं घालायचीच नाहीत, मुलाच्या शाळेचं छापील वेळापत्रक हा आधार घालायचा. उदाहरण, सुट्टी २ मे ते २८ जून आली तर ५८ दिवस. पहिला भाग २ ते ३० मे, दुसरा ३१ मे ते २८ जून, एकोणतीस-एकोणतीस. सम वर्षी पहिला भाग वडिलांकडे, विषम वर्षी दुसरा. दुसरा भाग त्यांच्याकडे असेल तेव्हा शाळा उघडण्याच्या तीन दिवस आधी मूल परत, आणि ते तीन दिवस त्यांना सुरुवातीला वाढवून द्यायचे. पुस्तकं, गणवेश, झोपेची वेळ, हे सगळं त्या तीन दिवसांत बसतं. सुट्टीत दुसरा-चौथा शनिवार लागू की नाही हेही लिहा. हे जवळजवळ प्रत्येक कागदात राहून जातं.

पुण्याला नेण्याला नुसतं ‘नाही’ म्हणू नका. त्यांच्या वाट्याच्या दिवसांत आत्याकडे नेलं तर कोर्टाला त्यात वावगं दिसणार नाही. तुम्ही मागायचं ते असं: नागपूरबाहेर नेण्याच्या सात दिवस आधी जाण्या-येण्याचं तिकीट, राहण्याचा पत्ता, रोज एक व्हिडिओ कॉल ठरल्या वेळी. परतीचं तिकीट काढलेलंच हवं, उन्हाळ्यात पुणे–नागपूर गाड्यांचं आरक्षण ऐनवेळी मिळत नाही आणि ‘तिकीटच नव्हतं’ हे कारण मग खरंही असतं. अट नाकारून पूर्ण दोन महिने नेण्याचा बेत दिसला तर कलम २६ च्या अर्जातच अंतरिम मनाई मागा. दोन महिने पुण्यात राहिल्याने मुलाचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही, ती भीती ठेवू नका. पण तिथल्या शाळेत नाव घातल्याचा सुगावा लागला तर एक दिवसही दवडू नका.

सणांत दिवाळीचे दोन तुकडे करा: लक्ष्मीपूजन एकाकडे, भाऊबीज दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी अदलाबदल. आणि नागपुरात आहात तर तान्हा पोळा विसरू नका! पोराचा लाकडी बैल आजोबांच्या घरी असतो, सजवायचा असतो, आणि त्या दिवशी कुणाकडे यावरून दरवर्षी रडारड. दुपारी चार ते रात्री आठ, आलटून-पालटून, एका ओळीत संपतं.

कोर्टाची उन्हाळी सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. एप्रिलच्या शेवटी टाकलेला अर्ज सुट्टी संपल्यावर वाचला जातो, तोवर पोरगं पुण्यात. नोटीस बजावणी, समोरच्याचा ‘से’ (लेखी उत्तर), कोर्टातल्या समुपदेशकाची एखादी बैठक, एवढं धरा आणि फेब्रुवारीत दाखल करा.

---

नऊ_ते_सहा

थोडा वेगळा सूर लावतो. सगळ्यांचा रोख रविवारची परतीची वेळ घट्ट करण्याकडे आहे. पण जो माणूस सातत्याने सोमवारी सकाळी थेट शाळेत सोडतो आहे, त्याला तीच वेळ देऊन टाकण्याचा विचार का नाही? परती सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकावर. दोघांची समोरासमोर गाठ नाही, सोसायटीच्या गेटवर तमाशा नाही, आणि उशीर झाला तर त्याची नोंद शाळाच करते. मोबदल्यात तुम्ही अट ७ स्पष्ट करून घ्या आणि सुट्टीतले तीन दिवस मिळवा. समुपदेशकासमोर देण्यासारखं काहीतरी हातात असलं की बैठक पुढे सरकते.

---

शाळेची_घंटा

मान्य, पण दोन गोष्टी लिहून घेतल्या तरच. शनिवारी जाताना दप्तर, सोमवारचं वेळापत्रक आणि गणवेशाचा जोड सोबत जाईल, आणि दुसरा गणवेश वडिलांकडे त्यांच्या खर्चाने राहील. आणि सोमवारी शाळेला सुट्टी असेल तर परती रविवारीच, ठरल्या वेळी. नाहीतर महाशिवरात्र सोमवारी आली की मूल मंगळवारी परत, आणि दोघंही म्हणणार आम्ही अट पाळली. सोमवारी रात्री आणणं यात बसत नाही, तो भंगच.

रविवारच्या परतीला ठिकाणही लिहा. घर नको असेल तर मेट्रो स्टेशनचं प्रवेशद्वार बरं पडतं, सावली असते, माणसं असतात, कॅमेरे असतात. मे महिन्यात दुपारी बारा ते चार अदलाबदल ठेवूच नका, पारा ४५ ला टेकलेला असताना नऊ वर्षांचं पोर रस्त्यावर उभं करायचं नाही.

---

त्रिमूर्तीनगर

वाचून वहीत उतरवलं. सोमवारी शाळेत सोडण्याचा पर्याय आधी पटला नव्हता, आता विचार करते आहे. कलम २६ च्या अर्जासाठी अट ४ अशी लिहिली आहे, बघाल का:

‘वडील दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १०.०० वाजता मुलास आईच्या घरून घेऊन जातील व सोमवारी शाळा भरण्याच्या वेळी शाळेच्या फाटकावर सोडतील. सोमवारी शाळेस सुट्टी असल्यास रविवारी सायंकाळी ६.०० पर्यंत मेट्रो स्टेशनच्या प्रवेशद्वारी सोडतील. येणे शक्य नसल्यास शक्यतो आदल्या दिवशी कळवतील.’

---

दरखास्तवाला

चांगली आहे. तीन दुरुस्त्या.

‘शाळा भरण्याच्या वेळी’ ऐवजी ‘शाळा भरण्याच्या किमान १० मिनिटे आधी’. मेट्रो स्टेशनचं नाव घाला. आणि शेवटच्या ओळीतला ‘शक्यतो’ काढून ‘आदल्या दिवशी रात्री ८.०० पर्यंत लेखी संदेशाने’ असं लिहा. अर्धा-पाऊण तास वाट पाहिल्यानंतर त्या दिवसाची भेट रद्द समजायची की नाही तेही जोडा, नाहीतर ते दुपारी दोनला येऊन उभे राहतील. दहा ते पावणेअकरा ठेवा, निशाणी_एक यांचा संदेशाचा नमुना त्याला जुळतो.

---

निशाणी_एक

आणि नकला मागताना दोन-दोन प्रती मागा. एक संच दरखास्तीला लागेल, दुसरा २६ च्या अर्जाला. दोन्ही एकाच आठवड्यात दाखल करणार असाल तर एकाच संचावर भागत नाही.